खाऱ्या मळ्याचं गाऱ्हाणं

१८ मे २००३

या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं कोणी नाही, म्हणून ही वही. सासूबाई ऐकतात त्या उत्तर तोंडात तयार ठेवून. नवरा ऐकतो तो जाळं सांधता सांधता, आणि शेवटी विचारतो, "काय म्हणालंस?" त्याचं नाव लवू. बाहेर 'अहो', पण वहीत कोण ऐकतंय, इथे लवूच लिहिणार.

आज मळ्याचं काम सुरू झालं. घरामागे खाडी, खाडीला मातीचा बांध, बांधाच्या आत मळा. बांधात एकाच जागी उघाडी आहे, म्हणजे दोन दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसणाऱ्या लाकडी फळ्या. ओहोटीला फळ्या काढून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला लावून खारं पाणी बाहेर ठेवायचं. एवढंच. पण उघाडी सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. फळ्या कुजल्या, खाडी आत आली आणि जमिनीवर मीठ फुटलं. लग्न होऊन आले तेव्हापासून या मळ्यात मी फक्त बगळे पाहिलेत.

बचत गटातल्या आम्ही सहाजणींनी नव्या फळ्या करून घेतल्या, फटींत चिकणमाती थापली. सुगंधा सगळ्यांत पुढे. ती शेजारीण. तिचा नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही, मासळी विकून दोन मुली वाढवते. तिच्या वाट्याचा तुकडा उघाडीला लागून, सगळ्यांत खोल. म्हणाली, "गौरजा, एका वर्साचो तांदूळ माज्या घरात इलो तर देवाक नारळ देयन." मी म्हटलं, देवाला कशाला, मला दे. बारावी सायन्स आहे मी.

लवू बांधावर उभा राहून बघत होता. "खाऱ्या जमनीत मीठ पिकता गो, भात नाय." बघू म्हटलं.

४ जून

बाबा वेंगुर्ल्याहून खाऱ्या जमिनीत तग धरणारं बियाणं घेऊन आले. जाताना सांगून गेले, "मीठ मारूक येणा नाय, धुवचा लागता. ता काम पाऊस करतलो. तू फकत भरतीक आत घेव नको."

आज सुगंधाशी वाजलं. इथे पेरणीआधी पालापाचोळा, शेण टाकून रोपाची जागा भाजून काढतात. मी म्हटलं, भाजायचं नाही. तोच पाला, शेण, वर गिरीपुष्पाच्या फांद्या, सगळं कुजवून मातीत घालू. या जमिनीला आधीच काही खायला मिळालेलं नाही, आहे ते तरी जाळू नका. सुगंधा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाजल्याबिगर तरवो येतलो? माज्या आयेन काय येडी म्हणान भाजल्यान?" शेवटी ऐकलं तिने, पण रोपं आली नाहीत तर तुझ्या दारात येऊन बसेन अशी धमकी देऊन.

रात्रभर मलाच झोप नाही. नाही आली रोपं तर?

२२ जून

रोपं आली. हिरवीगार! सुगंधा आली ती दारात बसायला नाही, पानाची चंची उघडून गप्पा मारायला.

पण आज मी पकडले गेले. प्रत्येक तुकड्याची माती जिभेवर ठेवून खारटपणा बघते ना, ते सासूबाईंनी पाहिलं. "माती खातंस? दिवस गेले काय गो?" मी खो-खो हसले, मग बोटांवर मोजलं आणि हसू बंद झालं. गेलेत. मला पत्ता नाही, सासूबाईंना मातीवरून कळलं.

लवू दिवसभर खुळ्यासारखा हसतोय. सासूबाईंनी लगेच फर्मान काढलं, "पोटुशी बायलेन उघाडीकडे जावचा नाय. थंयसर जागो बरो नाय." म्हटलं, मळा मग कोण बघणार? "लवू बघतलो." झालं. बांधाच्या अलीकडचं अर्धं रान आणि हे घर, एवढं जग मला ठेवलंय. होडी पावसाळ्यासाठी वर काढून शाकारलेली. मीही तशीच.

३० जून

अन्न नकोसं झालंय. भाताची वाफ आली तरी उलटी. एकच खावंसं वाटतं, सुंगटं, म्हणजे कोळंबी. सुकी नव्हे, ताजी, नारळाच्या रसातली. या दिवसांत कुठली ताजी मासळी? तरी काल लवूला म्हटलं, आणि आज पहाटे हा मांड्यांपर्यंत चिखलाने माखून, टोपलीभर सुंगटं घेऊन दारात उभा! खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकली म्हणाला. अमावास्येचं उधाण, म्हणून मिळाली.

चार वाट्या आमटी प्यायले. उलटी नाही. सासूबाई समोर बसून वाढत होत्या आणि गालात हसत होत्या. मी या घरात उगाच चिडचिड करते, माणसं वाईट नाहीत.

६ जुलै

उघाडीजवळच्या रोपांचे शेंडे करपलेत. सुगंधा मूठभर माती घेऊन आली, मी चाटली. खारट. पाऊस तर धो धो पडतोय. खेकड्यांची बिळं असणार बांधात. लवूला सांगितलं, बिळं बुजव. "बुजवतंय," म्हणाला.

१४ जुलै

काल पौर्णिमा. आज पुन्हा सुंगटं, बोटाएवढी जाड. लवूच्या हाताला यश आहे. थोडी मालवणात एका हॉटेलवाल्याला दिली, बाकी मला. सासूबाई डोकी-सालं माडाच्या बुंध्याशी पुरतात, परसात टाकू देत नाहीत. मांजरं येतात म्हणे.

लावणी संपत आली. सुगंधाच्या तुकड्यात दोनदा रोपं बदलावी लागली.

२५ जुलै

मळा अंगणातून दिसतो तेवढा बघितला. सगळा हिरवा. पहिल्यांदा मनापासून वाटलं, हे होणार. लवूला म्हटलं, बाळंतपणानंतर आपण वेंगुर्ल्याला जाऊ. बाबा काजूच्या कारखान्यात तुमच्यासाठी शब्द टाकतील. दर वर्षी समुद्राकडे तोंड करून बसणं मला जमणार नाही, सुगंधाकडे बघितलं की धस्स होतं. तो 'हां' म्हणाला. पटकन म्हणाला. मळा बायका सांभाळतील.

३१ जुलै

लिहवत नाही. परवा अमावास्या झाली आणि काल सकाळपासून पाऊस उघडला. आज सुगंधाचा अख्खा तुकडा पिवळा पडलाय, शेजारचा एक अर्धा गेलाय. मी सासूबाईंचं न ऐकता बांधाखाली उतरले. पाण्यात बोट घालून चाटलं. मीठ. खेकडे एवढं पाणी आणत नाहीत. कोणीतरी उधाणाला फळ्या काढतंय, मागाहून नीट लावून ठेवतंय.

सुगंधा बांधावर बसली होती. रडली नाही. म्हणाली, "माजा काय ता जावंदे. पण भाजूक नाय दिलंस, आणि मी भाजलंय नाय. तुजा ऐकलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने हे केलं त्याला खाडीतच बुडवावा. पलीकडच्या वाडीतलेच असणार, त्यांना आपलं बरं बघवत नाही.

घरी आले तर सासूबाई सुंगटं सोलत होत्या. भूक नव्हती, पण पोटातल्या जिवासाठी खाल्ली.

५ ऑगस्ट

मालवणला खारभूमीच्या कचेरीत गेले होते. एसटीत दोनदा उलटी. साहेब खूप सभ्य. "बाई, आपली भावना समजते. परंतु ही उघाडी आमच्या नकाशात दिसत नाही." मी म्हटलं, साहेब, खारं पाणी नकाशा बघून येत नाही. ते हसले, चहा पाजला, अर्ज ठेवून घेतला.

परत येताना बसमध्येच ठरवलं. कायद्याला इथे कोण भितो? देवाला भितात. सरळ धोंडू गावकरांच्या ओट्यावर गेले. देवळातलं गाऱ्हाणं तेच घालतात. म्हटलं, गावकरानू, देवाला गाऱ्हाणं घाला. जेणी कोणी उघाडी उघडल्यान, तेचो निर्वंश होवंदे. म्हातारा बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत होता. "इतक्या मोठा मागतंस? एकदा ठरला की मागे येणा नाय हां." मी म्हटलं, येत नाही तेच बरं. माझा स्वतःचा विश्वास नाही या गोष्टींवर, पण औषध म्हणून चालेल. रविवार, सतरा तारीख ठरली.

लवूला सांगितलं तर त्याच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. "गाऱ्हाणा? कित्याक? खेकडी आसतली." मग म्हणाला, तुझ्या अशा अवस्थेत देवळात उभं राहणं बरं नाही. माझी काळजी वाटते त्याला. जेवलासुद्धा नाही नीट.

१२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ दिला. मला सुंगटं हवी होती, लवू म्हणाला, "खाडीत मासळीच नाय." आज तर केवढं उधाण! मी रुसले. सासूबाईंनी नारळीभात वाढला.

१३ ऑगस्ट

सकाळी सुगंधाने तुकड्यातलं पाणी तांब्यातून आणलं. चाटलं. गोड.

पौर्णिमेचं उधाण होऊन गेलं आणि पाणी गोड आहे. आणि काल माझ्या ताटात सुंगटं नव्हती.

मी पुन्हा तांब्यात बोट बुडवून चाटलं. सुगंधा विचारत होती, "काय झाला गो? खारा आसा?" मी म्हटलं, नाही. गोड आहे. ती हसली. मी घरात येऊन कडी लावली.

या जिभेने मी सगळ्या मळ्याची माती चाखली. त्याच जिभेने आमटीही प्यायले.

१४ ऑगस्ट

आधी सासूबाईंना धरलं. त्या नाकबूल झाल्या नाहीत. "तुका डोहाळे लागले. होडी वयर, समुद्र बंद. झिलान काय करूचा? माज्या घोवान पण माज्यासाठी उघाडीर जाळा लावल्यान होता. उघाडी काय आजची?" उघाडीला ओहोटीच्या वेळी जाळं लावलं की आत शिरलेली सुंगटं आपोआप त्यात येतात, हे त्यांच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. भरतीला फळी काढायची, एवढाच खर्च. तेव्हा आत मळा पिकत नव्हता. आता पिकतोय, हे यांच्या ध्यानातच आलं नाही, की येऊनही आलं नाही?

मग लवू. माडाला टेकून उभा होता. "माका वाटला, एक फळी काढली तर काय जातला? वायच पाणी. पाऊस धुवन काढीत." मी म्हटलं, सुगंधाचं रोप तिसऱ्यांदा मेलं तेव्हाही वाटलं?  मग म्हणाला, "तू खायत होतंस. बाकी काय तुज्या पोटात रवत नव्हता."

मला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

गावात सांगितलं तर? रापणीतून काढतील. किनाऱ्यावरून अख्खा गाव मिळून ओढतो ते जाळं, त्यात ज्याचा हात नाही त्याला गावात घर असून नसल्यासारखं. नाही सांगितलं तर रविवारी धोंडू गावकर देवाला काय सांगणार ते मी स्वतः पढवून आलेय. निर्वंश. तो शब्द माझाच, आणि पोटात पाचवा महिना.

१५ ऑगस्ट

गावकरांकडे गेले. म्हटलं, गाऱ्हाणं राहू दे. "कित्याक? चोर गावलो?" नाही म्हटलं. "मगे मागे येणा नाय. तुकाच सांगलेलंय."

माझा विश्वास नाही, माझा विश्वास नाही, असं मनात म्हणत घरी आले. पण बारावी सायन्सचा हात पोटावरून निघत नव्हता.

१७ ऑगस्ट

झालं.

देवळात सगळा गाव. लवू खांबाशी. सासूबाई आल्या नाहीत, अंग मोडून आलंय म्हणाल्या. धोंडू गावकरांनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" "ह्या बायकांनी कष्टान केलेलो मळो जेणी कोणी खारो केल्यान..." "व्हय म्हाराजा!" "तेचो..."

"गावकरानू, वायच थांबा."

मीच ओरडले. गाऱ्हाण्यात कोणी मध्ये बोलत नाही. सगळ्या माना वळल्या. माझ्या तोंडातून काय निघालं ते निघालं: पोटुशी बाई इथे उभी आहे, असली अक्षरं तिच्या कानांवर नकोत. गावकर म्हणाले, "तूच सांगलेलंस ती अक्षरां. मगे काय मागू?"

मी म्हटलं, "जेच्या हातान उघाडी उघडली, तेच्याच हातान ती फुडे मिटली जावंदे. आणि मळो गोडो होवंदे."

देवळात पाकोळीचा आवाज येईल एवढी शांतता. सुगंधा माझ्याकडे बघत होती. मग तिने लवूकडे बघितलं, मग खाली. गावकरांनी नारळ वर धरला आणि माझी अक्षरं जशीच्या तशी देवापुढे म्हटली. "व्हय म्हाराजा!" त्यात लवूचा आवाज मला वेगळा ऐकू आला. फाटका, पण मोठा.

वाचले. पोटुशीपणाची सबब किती छान सुचली मला, कोणाला काही कळलं नाही.

२१ ऑगस्ट

धोंडू गावकर संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. तंबाखू मळत म्हणाले, "उघाडी कोणाक तरी सोपवूक व्हयी. लवू, तुजा घर जवळ. पाण्याची पारख तुका आसा. फुडे तूच मिटायचंस." लवूने मान हलवली. गावकरांनी 'किती दिवस' ते सांगितलं नाही, यानेही विचारलं नाही.

योगायोग बघा, मान आमच्याच घराला आला. पण उधाणाच्या दिवसांत त्याला आता होडीवर जाता येणार नाही. रापणीच्या तांडेलाला, म्हणजे म्होरक्याला, हे सांगायला गेला तर तो म्हणाला, "म्हायत आसा." कुठून माहीत?

वेंगुर्ल्याचा विषय मी काढला नाही. उघाडी घेऊन वेंगुर्ल्याला जाता येत नाही. गाठ मीच मारली, आणि सोडवायची कशी ते मला येत नाही.

९ सप्टेंबर

लवू दिवसातून दोनदा जातो. भरती आली की जेवणावरून उठतो. फळ्यांच्या फटींत चिकणमाती भरताना आज त्याला लांबून पाहिलं. पूर्वी बायका हे काम करत, तेव्हा हा बांधावर उभा राहून चेष्टा करायचा. आता बायका बांधावरून जातात, थांबत नाहीत, चेष्टाही करत नाहीत. गटाच्या बैठकीत मी आले की वेगळ्याच गोष्टी सुरू होतात. गरोदर बाईसमोर बोलायच्या नसतील.

माझी सुंगटांची वासना मेली नाही. लाज वाटते. मागत नाही.

१६ ऑक्टोबर

कापणी. माझ्या, आणि वरच्या तिघींच्या तुकड्यात भात चांगला आलाय. लोंबी हातात घेतली तर जड लागली. पाचवीचा अर्धा. सुगंधाच्या तुकड्यात काहीच नाही, नुसती काळी माती. वाकून चाटली, गोड होती. तिला म्हटलं, आता लगेच नांगरून घे, ओल आहे तोवर. म्हणजे मीठ वर चढणार नाही. चवळी टाक. पुढच्या वर्षी सगळ्यांत चांगला भात तुझा येईल बघ.

"व्हय," म्हणाली.

माझ्यातला अर्धा भात लवूने न विचारता तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला. तिने घेतला. आभार मानले नाहीत. मला थोडं लागलं ते. शेजारधर्म म्हणून दिला होता, एक शब्द तरी.

२ नोव्हेंबर

आज भर दुपारी सुगंधा आली. सासूबाई आत होत्या, लवू उघाडीवर. हातात झाकलेली वाटी. माझ्यासमोर ठेवली आणि झाकण काढलं. सुंगटं, नारळाच्या रसात, वर कोकम.

मला एकदम रडू फुटलं. म्हटलं, मला नको.

"खा गो. डोहाळे रवले तर पोराची लाळ गळता."

"खरंच नको सुगंधा. मला आता आवडत नाहीत."

ती खाली बसली. वाटी माझ्याकडे सरकवली.

"खा. बाजारातली आसत. उघाडीची न्हय."

मी तिच्याकडे बघितलं. ती वाटीकडे बघत होती. देवळातली ती शांतता, गावकरांचं ओट्यावर येणं, तांडेलाचं 'म्हायत आसा', सगळं एकामागून एक डोक्यात आलं. त्या दिवसापासून सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला एकटीलाच वाटत होतं की झाकलंय.

मी खाल्ली. रडत रडत, सगळी. सुगंधा वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसून राहिली, मग ती उचलून तिने माझ्याच घागरीतल्या पाण्याने विसळली आणि म्हणाली, चवळीला आज पाणी घालायचंय.